जुना बाक, हँड ग्राइंडर आणि सँडर: कापण्यापासून तेल लावण्यापर्यंत

बाक बरीच वर्षं उघड्यावर राहिलेला होता. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटर अँगलची (काटकोनात वळलेल्या लोखंडी पट्टीची) चौकट, वर सहा लाकडी पट्ट्या, आणि चारपैकी दोन पाय खालून वीतभर गंजून पोखरलेले. करायचं ते एवढंच: पट्ट्या सोडवायच्या, सडलेले पाय कापून नवे तुकडे वेल्डिंगने जोडायचे, वेल्ड घासून सपाट करायचं, गंज काढून प्रायमर मारायचा, शेवटी पट्ट्या सँडरने घासून तेल लावायचं. दोन दिवस लागले. त्यात मशीन प्रत्यक्ष चालू असण्याचा वेळ जेमतेम तीन तास होता. बाकीचा सगळा वेळ मांडणी, बांधणी, चकत्या बदलणं आणि झाडलोट यांत गेला, आणि हे प्रमाण असंच असावं असं आमचं ठाम मत आहे. चुकीची चकती, काढून ठेवलेला गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) आणि न बांधलेला जॉब (ज्यावर काम करायचं ती वस्तू) या तिन्ही चुका स्विच दाबण्याआधीच झालेल्या असतात.

पहिला निर्णय क्रमाचा. लोखंड आणि लाकूड एकाच दिवशी, एकाच जागी घासायचं नाही. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे हवेत जळत जाणारा लोखंडाचा कण. तो काही मीटर लांब उडतो, फटीत जाऊन बसतो, आणि तिथे लाकडाचा भुसा असेल तर तासभर आतल्या आत धुमसू शकतो. म्हणून आधी पट्ट्या काढून दुसऱ्या खोलीत नेल्या. बारा बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवलं होतं. नऊ पान्याने सुटले. तीन हटले नाहीत, ते हॅकसॉने कापले. लाकडाला चिकटलेला बोल्ट ग्राइंडरने कापायचा मोह होतो, कारण दहा सेकंदांचं काम असतं. पण ठिणग्या थेट सुक्या लाकडात आणि सांडलेल्या तेलात जातात. हॅकसॉला एका बोल्टमागे तीन-चार मिनिटं लागली, ती लागू दिली. नंतर चौकटीवरचं तेलही कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढलं.

चौकटीवर जुन्या रंगाचे तीन-चार थर होते. कधी मारलेला, कोणता, हे माहीत नसलेला जुना रंग शिसंयुक्त समजूनच चालायचं. असा रंग ग्राइंडरने किंवा सँडरने कोरडा उडवला की त्याची बारीक धूळ श्वासात जाते आणि घरभर बसते. लहान मुलांना ती सगळ्यात घातक. रंग काढायची जेल लावून, ओला ठेवून, खरवडणीने तो काढला आणि चिंध्या-खरवड वेगळ्या पिशवीत बंद केली. जिथे कापायचं आणि वेल्डिंग करायचं होतं तिथे दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर नुसतं लोखंड उघडं केलं. नवे तुकडे आणतानाही जस्ताचा मुलामा नसलेला साधा काळा अँगल घेतला. गॅल्व्हनाइज्ड लोखंड तापलं की जस्ताचा धूर निघतो, आणि तो घेतलेल्या माणसाला काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

आता मशीन. आमचा ग्राइंडर १२५ मिलिमीटरचा, रिकाम्या (भार नसतानाच्या) फेऱ्या मिनिटाला ११,०००. हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून हिशोब करून बघावा. चकतीचा परीघ गुणिले फेऱ्या: १२५ मिलिमीटरच्या चकतीची कड सेकंदाला सुमारे ७२ मीटर पळते. रेझिनच्या जाळीदार चकत्या सहसा ८० मीटरपर्यंत चालवायला बनवलेल्या असतात, म्हणजे तासाला २८८ किलोमीटर. म्हणून १२५ च्या चकतीवर कमाल फेऱ्या १२,२५० छापलेल्या असतात, ११५ वर १३,३००, आणि २३० वर फक्त साडेसहा हजारांच्या आसपास. आता समजा कुणी गार्ड काढून याच मशीनवर २३० ची, झिजून थोडी लहान झालेली का होईना, चकती बसवली. पूर्ण मापाची असेल तर तिची कड १३२ मीटरने पळेल. चकतीला फाडू बघणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तो मर्यादेच्या पावणेतीन पट होतो. चकती फुटते, आणि अडवायला समोर गार्ड नसतो. गार्डमध्ये न मावणारी चकती ही त्या मशीनची चकती नाही. यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

चकतीवरचा कागद वाचायची सवय फार कमी जणांना असते, आणि तिथे सगळं लिहिलेलं असतं. आमच्या कापायच्या चकतीवर ‘ए ६० एस बीएफ’ अशा अर्थाची अक्षरं होती. पहिलं अक्षर दाण्याचं: ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, लोखंडासाठी, सी म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, दगड-काँक्रीटसाठी. मग दाण्याचा नंबर, मग चकती किती कडक ते, आणि शेवटचं बीएफ म्हणजे रेझिनमध्ये धाग्यांची जाळी. काही चकत्यांवर आडवा रंगीत पट्टा असतो, लाल असेल तर ८० मीटर प्रति सेकंद. मधल्या धातूच्या कड्यावर व्ही, महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. ती वापरायची शेवटची मुदत, बनवल्यापासून जास्तीत जास्त तीन वर्षांची. रेझिन हवेतला ओलावा ओढतं आणि हळूहळू कमजोर होतं. डोळ्यांना चकती नवी दिसते. मुदत गेलेल्या दोन चकत्या निघाल्या, त्या मोडून टाकल्या. तशाच टाकल्या तर कुणीतरी उचलून वापरतो.

जमिनीवर पडलेली चकतीही बाद. केसासारखी भेग असते, दिसत नाही. चकती टिचकीने वाजवून आवाज ऐकायची पद्धत बेंच ग्राइंडरच्या जाड दगडासाठी आहे. तडकलेला दगड बद्द वाजतो, चांगला घणघणतो. एक मिलिमीटरच्या रेझिन चकतीचा आवाज ऐकून काही सांगता येत नाही. ती उजेडात धरून कड, जाळी आणि भोकाभोवतालचा भाग बघायचा, आणि शंका आली की टाकून द्यायची.

बसवताना आधी प्लग काढला. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढायची. नुसता स्विच बंद असणं पुरत नाही, कारण मशीन काखेत धरून पाना फिरवताना स्विच दाबला जातो. आतली फ्लॅन्ज (चकती जिच्यावर टेकते ती धातूची बैठक) आणि नट पुसून घेतले. तिथे रंगाचा थेंब किंवा बारीक कचरा राहिला की चकती तिरकी बसते आणि हादरे देते. नटाला दोन बाजू असतात: एक सपाट, एक मध्ये उंचवटा असलेली. जाड सहा मिलिमीटरच्या घासायच्या चकतीला उंचवटा चकतीकडे, म्हणजे तो भोकात बसतो. एक मिलिमीटरच्या कापायच्या चकतीला सपाट बाजू चकतीकडे, नाहीतर नट चकतीला दाबतच नाही आणि ती सैल फिरते. ही चूक आम्ही वारंवार पाहिली आहे. माणूस म्हणतो नट घट्ट केलाय, आणि नट खरोखर घट्ट असतो, पण नुसत्या फ्लॅन्जवर. बसवल्यावर हाताने फिरवून बघायचं, चकती नटाबरोबर फिरली पाहिजे आणि डुलता कामा नये. पान्याने माफक आवळणं पुरतं, कारण काम करताना फिरण्याच्या दिशेनेच नट आवळला जातो. दांडा अडवायचं बटण चकती पूर्ण थांबल्याशिवाय कधीही दाबायचं नाही. फिरत्या दांड्यात ते घुसलं तर गिअर आणि खिट्टी दोन्ही जातात.

नवी चकती बसवली की रिकामं मशीन, चकतीच्या रेषेत कुणीही उभं नाही अशा बाजूला तोंड करून, अर्धं ते एक मिनिट चालवायचं. दोष असलेली चकती बहुधा इथेच बोलते. हादरा जाणवला तर बंद, प्लग काढ, पुन्हा बसव.

अंगावर काय घालायचं, यात डोळ्यांबद्दल आम्ही जास्त आग्रही आहोत. गच्च बसणारा गॉगल, आणि त्यावर पूर्ण चेहऱ्याचा शील्ड. नुसता शील्ड पुरत नाही, ठिणग्या हनुवटीखालून वर येतात. नुसता चष्मा तर अजिबात नाही. लोखंडाचा कण बुबुळात रुतला की काही तासांत त्याभोवती गंजाचं कडं तयार होतं, आणि तो नेत्रतज्ज्ञानेच काढायचा असतो. चोळायचा नाही, कापसाच्या टोकाने उकरायचा नाही. काम संपल्यावरही गॉगल लगेच काढू नये. आधी मान खाली करून केस, भुवया आणि कपाळ झाडायचं, मग काढायचा, कारण बरेच कण तेव्हाच वरून डोळ्यात पडतात. डोळ्यात धातू गेल्याची शंका असलेल्या माणसाने पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर ते तिथे आधी सांगायला हवं.

कान दुसरे. ग्राइंडर ९० डेसिबलच्या वर सहज जातो, आणि पत्रा किंवा पोकळ नळी घासताना १०० च्या घरात. कामाच्या ठिकाणी आवाजाचा एक प्रचलित हिशोब असा: ८५ डेसिबल आठ तास, मग प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला मिळतात पंधरा मिनिटं. म्हणून ‘दोनच कट आहेत’ म्हटलं तरी कानात बोळे. तोंडाला एन९५ किंवा एफएफपी२ मास्क. दाढी असेल तर कडेने हवा शिरते, हे लक्षात ठेवून. कपडे सुती, जाड, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन-पॉलिएस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. हातमोजे चामड्याचे, हाताला घट्ट. सैल सुती मोजे, लोंबणारी बाही, ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे केस, स्वेटशर्टची दोरी: यातलं काहीही चकतीत गेलं तर ती त्याच्यामागून मशीनलाच अंगावर ओढून आणते. पँट बुटाच्या वरून, आत खोचलेली नाही, नाहीतर ठिणग्या बुटात जातात.

जागा म्हणजे सिमेंटची मोकळी जमीन. आगीच्या कामासाठी सगळीकडे सांगितलं जातं ते अंतर ११ मीटर: तेवढ्यातलं जळणारं सगळं हलवायचं किंवा झाकायचं. आम्ही सुकी पानं, पुठ्ठे, रंगाचे डबे हलवले. खिडकीच्या काचेसमोर पत्रा उभा केला, कारण ठिणगी काचेत आणि टाइल्सच्या चकाकीत रुतून कायमचे डाग पाडते. गाडी असेल तर ती लांब नेणं उत्तम. रंगावर बसलेले कण दोन दिवसांनी गंजाचे ठिपके होऊन दिसतात. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी. वायर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरून) घेतली, आणि एक्स्टेंशनची रीळ पूर्ण उलगडली. गुंडाळलेली रीळ भार पडला की आतून तापते. वायर पाठीमागून, चकतीपासून लांब.

स्विचबद्दल एक गोष्ट. सरकवून अडकवायचा स्विच असलेल्या मशीनमध्ये चालू असताना वीज गेली, तर माणूस मशीन खाली ठेवतो आणि विसरतो. वीज आली की ते जमिनीवर उड्या मारायला लागतं. नव्या काही मशीनांत हे रोखणारी सोय असते. नसेल तर वीज जाताच आधी स्विच मागे, मग प्लग बाहेर. निवडायची संधी असेल तर हात सोडला की बंद होणारा, खालून दाबायचा पट्टीसारखा स्विच घ्यावा.

कापायला सुरुवात करण्याआधी चौकट उलटी करून टेबलावर दोन सी-क्लॅम्पने बांधली. कापून पडणारा तुकडा मोकळा ठेवला. तोल राखण्यासाठी दोन्ही टोकांना आधार दिला तर कापता कापता जॉब मध्ये खचतो, चीर मिटते आणि चकती चिमटीत सापडते. आधार कापाच्या जवळ आणि एकाच बाजूला असावा, म्हणजे चीर उघडत जाते.

मग दिशा, आणि या कामातली सगळ्यात महत्त्वाची समज हीच आहे. चकती म्हणजे एक चाक समजा. ते जॉबवर टेकलं तर कोणत्या बाजूला पळेल? त्याच्या उलट बाजूला ग्राइंडर ढकलायचा. चाक जिकडे पळतं त्याच्या विरुद्ध बाजूला चिखल उडवतं, तसं चकती ठिणग्या उडवते. म्हणजे खूण सोपी झाली: ठिणग्या जिकडे उडतात तिकडेच मशीन सरकवायचं. ठिणग्या आपल्यापासून लांब जाताहेत, आणि आपण मशीन लांब ढकलतोय, अशी मांडणी जमवली की चकती आपल्या ढकलण्याला थोडा विरोध करत राहते आणि ताबा हातात राहतो. उलट दिशेने चालवलं तर ती कापावर चढून पुढे पळते.

चकती चिमटीत सापडली तर काय होतं? चकतीची कड टेकलेल्या जागी ज्या बाजूला जात असते त्याच्या नेमकं उलट मशीन फेकलं जातं. वरच्या मांडणीत ते आपल्याकडे येतं. म्हणून चकतीच्या रेषेत चेहरा, गळा किंवा मांडी ठेवायची नाही. रेषेच्या एका बाजूला उभं राहायचं, पाय फाकवून, कोपरं अंगाजवळ. बाजूचं हँडल नेहमी बसवलेलं, दोन्ही हात मशीनवर. एका हाताने ग्राइंडर आणि दुसऱ्या हातात तुकडा, हे दृश्य दिसलं की आम्ही काम थांबवायला सांगतो, ओळख असो वा नसो. झटका बसायला सेकंदाचा अंशही पुरतो. तेवढ्यात मनगट काही करू शकत नाही, मशीन आधीच दोन ठिकाणी भक्कम धरलेलं असावं लागतं. गार्ड फिरवून चकतीचा झाकलेला भाग आपल्याकडे आणला आणि घट्ट केला.

अँगल एका दमात कापला नाही. आधी खुणेवर पूर्ण लांबीची उथळ रेघ, एखाद मिलिमीटर खोल. मग त्याच चरातून दोन-तीन हातांत अँगलची एक पाख (बाजू), मग दुसरी पाख. चकती पूर्ण वेगात आल्यावरच टेकवायची, आणि थांबवायची ती चरातून बाहेर काढून. चरात अडकलेली चकती तशीच पुन्हा चालू केली की हमखास झटका. दाब फार नको. मशीनचा आवाज खाली जायला लागला की जास्त दाबताय. आणि कापताना मनगट वळवून चर ‘सरळ करायचा’ नाही. एक मिलिमीटरची चकती सरळ ओढ सोसते, बाजूचा दाब सोसत नाही. रेघ चुकली तर बाहेर या, नवी रेघ मारा. गंजाच्या गाठी असलेल्या जागी चकती हिसके खाते, तिथे वेग न वाढवता हलक्या हाताने जायचं. दोन पायांना एक चकती पुरली.

बंद पोकळ भाग कापायचा असेल तर आधी एक भोक पाडून घ्यावं. आणि तेल, पेट्रोल, थिनर भरलेल्या जुन्या डब्याला किंवा पिंपाला ग्राइंडर लावायचाच नाही, धुतलेला असला तरी. आत उरलेली वाफ ठिणगीने फुटते.

नवे तुकडे वेल्डिंगला लावण्याआधी कडांना सुमारे ३० अंशांचा उतार दिला. इथे चकती बदलली. कापायच्या चकतीच्या चपट्या बाजूने घासणं हा सगळ्यात सर्रास दिसणारा गैरवापर आहे. ‘थोडंसंच घासायचंय’ म्हणून बदलायचा कंटाळा केला जातो, आणि पातळ चकती वाकून तुकड्यांत उडते. घासायला सहा मिलिमीटरची, मध्ये खोलगट असलेली चकती. वेल्ड झाल्यावर हातोडीने स्लॅग (वेल्डवर जमलेलं कडक कवच) झाडला, जॉब थोडा निवू दिला, आणि चकती २५ ते ३० अंशांच्या कोनात धरून वेल्डच्या लांबीने पुढे-मागे फिरवली. एका जागी थांबलं की खळगा पडतो आणि लोखंड निळं होतं. निळा रंग म्हणजे जास्त तापवलं. कडेजवळ घासताना चकतीचा टेकलेला भाग पत्र्यावरून कडेबाहेर जाणारा हवा. बाहेरून कडेवर आदळणारा असेल तर कड चकतीत शिरते.

वेल्ड पूर्ण सपाट होईपर्यंत या चकतीने जायचं नाही. अर्धा मिलिमीटर उरला की थांबायचं आणि ६० नंबरची फ्लॅप डिस्क (सँडपेपरसारख्या पाकळ्या एकावर एक बसवलेली चकती) लावायची. तिचा कोन कमी, ५ ते १५ अंश. जास्त उभी धरली तर फक्त बाहेरच्या पाकळ्या झिजतात आणि डिस्क अर्ध्यातच संपते. फ्लॅप डिस्क कमी आवाजाची, कमी हादऱ्याची आणि माफ करणारी. शिकणाऱ्याने पहिल्यांदा हीच लावावी असं आम्हाला वाटतं. रबरी पॅडवर लावायची फायबर डिस्कही याच कामाची, पण तिची कड चाकूसारखी असते आणि फाटलेली डिस्क लगेच बदलावी लागते.

कोपऱ्यांतल्या गंजासाठी वायरचा कप ब्रश वापरला, आणि सगळ्या जोडसामानात याच्यापासून आम्ही सर्वांत सावध असतो. त्याच्या तारा तुटून सुईसारख्या उडतात, साध्या कपड्यांतून कातडीत शिरतात. इथे चामड्याचा एप्रन, आणि जवळ दुसरं कुणीही नको. कपावर छापलेल्या कमाल फेऱ्या मशीनपेक्षा जास्त आहेत ना, हे पाहायचं; बरेच मोठे कप ११,००० ला चालत नाहीत. दाबायचं नाही, तारांची टोकंच काम करतात. लाकूड कापायच्या दातेरी चकत्या मात्र ग्राइंडरला कधीच नकोत: दाता लाकडात रुतला की त्या वेगाला मशीन हातात राहत नाही.

ॲल्युमिनियमचा एखादा भाग असता तर तो याच चकत्यांनी घासला नसता. मऊ धातू दाण्यांत भरून चकती गुळगुळीत आणि गरम होते, आणि ॲल्युमिनियमची बारीक पूड गंजाच्या पुडीत मिसळली तर ठिणगीने भयानक उष्णतेने जळते. दगड-काँक्रीट कापायचं असेल तर पाणी किंवा धूळ ओढणारा गार्ड हवाच. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात कायमची राहते.

दर पंधरा-वीस मिनिटांनी मशीन खाली ठेवलं, चकती पूर्ण थांबल्यावर. बंद केल्यावरही ती बरेच सेकंद फिरत राहते. बोटांना मुंग्या येत असतील तर ती विश्रांतीची वेळ आहे. हादरे वर्षानुवर्षं सोसले तर थंडीत बोटं पांढरी पडायला लागतात आणि ते भरून येत नाही. मागच्या जाळीतून मोटारीत भकाभक निळ्या ठिणग्या दिसायला लागल्या तर कार्बन ब्रश संपलेत. दोन्ही एकदमच बदलायचे. शेवटचा कट झाल्यावर तासभर जागेवर लक्ष ठेवलं, फटींत हात लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या. ग्राइंडरला सँडिंग पॅड लावून लाकूड घासता येतं, पण ११,००० फेऱ्यांना ते जळतं आणि अर्धवर्तुळाकार खाचा पडतात. लाकडाला १२५ मिलिमीटरचा ऑर्बिटल सँडर घेतला. त्याचा पॅड फिरतोही आणि अडीच-पाच मिलिमीटरच्या छोट्या वर्तुळात हलतोही, त्यामुळे ओरखडे एकाच रेषेत साचत नाहीत. आधी प्रत्येक पट्टीवर चुंबक फिरवून खिळ्यांचे तुकडे शोधले. एक राहिला तर पेपर फाटतो, आणि ठिणगी धुळीच्या पिशवीत जाते. निघाले ते उपटले, न निघणारे तीन मिलिमीटर आत ठोकले. कालच्या लोखंडाचा चुराही या खोलीत येऊ दिला नाही. ग्राइंडरला जोडलेला व्हॅक्यूम सँडरला लावायचा तर आधी पूर्ण रिकामा करायला हवा.

पट्टी क्लॅम्पने बांधली, पेपरची भोकं पॅडच्या भोकांवर जुळवली. जुळली नाहीत तर धूळ ओढली जात नाही, पेपर लवकर भरतो. सँडर लाकडावर टेकवूनच चालू करायचा. हवेत पूर्ण वेगात आणून टेकवला तर पहिल्या क्षणी खळी पडते. दाब फक्त मशीनच्या वजनाचा. वरून रेटलं की पॅड फिरायचा थांबतो, नुसता थरथरतो, शेपटीसारखे गोल ओरखडे उठतात, आणि तापून पॅडचे वेल्क्रो आकडे वितळतात. वेग सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, धाग्याच्या दिशेने, आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत.

नंबरांचा क्रम ६०, ८०, १२०. प्रत्येक वेळी पट्टीवर पेन्सिलीने आडव्या-तिडव्या रेघा मारल्या. सगळ्या पुसल्या की तो नंबर झाला. मधली पायरी गाळून ६० वरून थेट १२० वर गेलं तर खोल ओरखडे तसेच राहतात आणि तेल लावल्यावर उठून दिसतात, मग सगळं पुन्हा. दोन नंबरांमध्ये पट्टी व्हॅक्यूमने साफ केली, कारण ६० चा एक सुटा दाणा १२० खाली सापडला की लांब चरा पडतो. तेल लावायच्या बाहेरच्या बाकाला १२० पुरतं. त्याहून गुळगुळीत केलं तर तेल नीट मुरत नाही. कडा मशीनने नाही, हाताने मोडल्या. सँडर कडेवर कलला की ती गोल होते.

सँडर ग्राइंडरसारखा भीतीदायक वाटत नाही, म्हणून मास्क इथेच विसरला जातो. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून मान्य झालेली आहे. मास्क, गॉगल, कानात बोळे, तिन्ही इथेही. धुळीची पिशवी निम्मी भरली की बाहेर नेऊन रिकामी केली, आणि रात्री ती मशीनला लावून ठेवली नाही.

शेवटी जवसाचं तेल फडक्याने दोन हात लावलं. ती फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर सुकताना तेल स्वतःच तापतं आणि ती आपोआप पेटू शकतात. म्हणून प्रत्येक फडकं पाण्यात भिजवून, पसरून, बाहेर तारेवर एकेरी वाळत घातलं. ती पूर्ण कडक झाल्यावरच केरात टाकली. उरलेल्या चकत्या एकावर एक सपाट, कोरड्या डब्यात गेल्या, मुदतीची तारीख वरच्या बाजूला.